मोटरचे पडदे पुन्हा पुन्हा का बिघडतात? मोटर बदलण्याआधी हे तपासा

बाणेर-बावधनपासून हडपसरपर्यंत नव्या फ्लॅटांमध्ये मोटरवर चालणारे रोलर पडदे आता नवलाईचे राहिलेले नाहीत. त्यांच्याबद्दलची तक्रारही ठरलेली आहे. बसवल्यावर महिनाभर झकास चालतात आणि मग एक दिवस दुपारी खालीच येत नाहीत, किंवा येतात आणि अर्ध्यावर थांबतात. माणूस येतो, रीसेट करतो, लिमिट (पडद्याने वर आणि खाली कुठे थांबायचं ती हद्द) पुन्हा लावतो, व्हिजिटचे पैसे घेऊन जातो. पंधरा-वीस दिवस बरे जातात. मग पुन्हा तेच रडगाणं.

रीसेटने बरा होणारा आणि काही दिवसांनी उलटणारा दोष मोटरमध्ये क्वचितच असतो. मोटर जळते तेव्हा ती जळते, दर तीन आठवड्यांनी थोडी थोडी जळत नाही. असा परत येणारा दोष बहुतेक वेळा भिंतीवरच्या बटणात, चार्जिंगमध्ये, सेन्सरच्या जागेत किंवा वेळापत्रकात लपलेला असतो. म्हणून नवी मोटर मागवण्याआधी खालच्या क्रमाने बघा.

आधी रिमोट हातात घ्या

फोन बाजूला ठेवा. पडद्याबरोबर आलेल्या रिमोटने, किंवा मोटरच्या टोकाला असलेल्या छोट्या बटणाने, पडदा पूर्ण खाली आणि पूर्ण वर नेऊन बघा.

रिमोटने पडदा नीट पूर्ण फिरला, पण अॅपवरून किंवा ठरल्या वेळी फिरत नाही, तर मोटरला हात लावायचं काही कारण नाही. दोष जोडणीत किंवा वेळेत आहे. रिमोटनेही हलला नाही, तर वीज किंवा बॅटरी. हलतो पण भलत्याच ठिकाणी थांबतो, तर लिमिट, कापड किंवा ताकद. एवढी विभागणी केली की निम्मं काम झालं. टेक्निशियनला फोन करायचा झालाच तरी हे सांगता आलं पाहिजे, नाहीतर तो आल्या आल्या रीसेटच करणार.

भिंतीवरचं बटण

आपल्याकडे रात्री झोपताना किंवा गावाला जाताना सगळी बटणं बंद करायची सवय आहे, आणि ती चांगलीच सवय आहे. पण पडद्यांचा हब (अॅपचे आदेश मोटरींपर्यंत पोचवणारी छोटी डबी), वायफायचा राउटर आणि झिगबीचे (वायफायसारखंच, पण अशा छोट्या उपकरणांचं बिनतारी जाळं) सिग्नल पुढे पोचवणारे स्मार्ट प्लग याच बटणांवर असतात. कोणीतरी वीज वाचवायला बटण बंद करतं आणि हॉलमधला पडदा चालतो, पण आतल्या खोलीतला चालत नाही. कारण बॅटरीवर चालणारी झिगबी मोटर दुसऱ्याचा सिग्नल पुढे ढकलत नाही, ते काम फक्त सतत विजेवर असलेली उपकरणं करतात. वाटेतला प्लग बंद झाला की आतली मोटर एकटी पडते. सकाळी बटण चालू झालं की थोड्या वेळाने जाळं पुन्हा जुळतं, म्हणून टेक्निशियन येतो तेव्हा सगळं ठीक असतं. या तक्रारीवर ‘आता तर चालतंय की’ हे उत्तर हमखास मिळतं.

उपाय साधा आहे. ज्या सॉकेटवर हब आणि राउटर आहेत त्यांच्या बटणावर चिकटपट्टी लावा, किंवा इलेक्ट्रिशियनला सांगून तो सॉकेट बटणाशिवाय थेट करून घ्या. घरात आजी-आजोबा असतील तर चिकटपट्टीवर ‘बंद करू नये’ असं लिहा. पुण्यात पाटी लावली की काम होतं.

गुरुवार

तक्रार गुरुवारी किंवा शुक्रवारी सुरू होत असेल तर कारण शोधायला लांब जायला नको. देखभालीसाठी वीज बंद ठेवायचा पुण्याचा वार गुरुवार, आणि अनेक भागांत पाण्याचाही तोच. पडदे खाली यायची वेळ दुपारी दोनची आणि वीज सकाळी दहा ते तीन गेलेली, तर तो आदेश हुकला. बहुतेक हब हुकलेला आदेश वीज आल्यावर भरून काढत नाहीत. त्यांच्या दृष्टीने दोन वाजून गेले, विषय संपला. पडदा दुसऱ्या दिवशीच्या दोनपर्यंत तसाच वर.

दुसरा घोळ वीज परत येताना होतो. हब आणि राउटर एकदम चालू होतात, हब लवकर जागा होतो, त्याला इंटरनेट सापडत नाही, आणि काही स्वस्त हब मग पुन्हा प्रयत्नच करत नाहीत. काहींचं घड्याळही इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत चुकीचं असतं. राउटर आणि हब दोन्हींना १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की हा सगळा प्रकार संपतो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतो. फक्त हबला लागतात किती व्होल्ट ते अॅडॉप्टरवर वाचून जा, बरेच हब ५ व्होल्टचे असतात. शिवाय वेळापत्रकात एका आदेशाऐवजी अर्ध्या-अर्ध्या तासाने दोन-तीन वेळा ‘खाली ये’ असा आदेश ठेवा. पडदा आधीच खाली असेल तर काही बिघडत नाही.

घरात इन्व्हर्टर असेल आणि मोटर २३० व्होल्टची असेल, तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे ना ते बघा. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अशा मोटरी गुणगुणतात आणि जास्त तापतात.

सिग्नल

नव्या टाउनशिपमधल्या बऱ्याच इमारती मायवान पद्धतीच्या आहेत, म्हणजे आतल्या भिंतीही विटांच्या नसून काँक्रीटच्या आणि आत सळया. त्यातून सिग्नल विटेच्या भिंतीसारखा आरपार जात नाही. बहुतेक पडदे २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात, म्हणून राउटरने २.४ आणि ५ एकाच नावाखाली ठेवले असतील तर जोडणीच्या वेळी तरी वेगळे करा. झिगबीलाही तोच पट्टा लागतो आणि वायफायशी त्याची टक्कर होते. वायफाय चॅनल १ वर कायमचं लावून झिगबी २० किंवा २५ वर नेलं की खूप फरक पडतो. चॅनल बदलल्यावर काही मोटरी पुन्हा जोडाव्या लागतात, तेवढी तयारी ठेवा.

आणि एक बारीक गोष्ट. ट्यूबच्या, म्हणजे कापड गुंडाळणाऱ्या नळीच्या, मोटरला शेपटीसारखी एक पातळ वायर असते, ती अँटेना आहे. बसवणाऱ्याने ती वाईट दिसते म्हणून गुंडाळून अॅल्युमिनियमच्या पेटीत कोंबली किंवा कापली असेल, तर रेंज निम्म्यावर येऊ शकते. ती मोकळी सोडा.

अर्ध्यावर थांबतो

इथे कारणं जास्त आहेत, पण लक्षणांवरून ती वेगळी काढता येतात.

खाली व्यवस्थित येतो, पण तळापासून वर उठताना अडखळतो: बॅटरी उतरली आहे किंवा मोटर कमी ताकदीची आहे. पडदा पूर्ण खाली असतो तेव्हा सगळ्या कापडाचं वजन लटकत असतं, म्हणून सर्वांत जास्त जोर तिथून उठतानाच लागतो. हिशेब घरच्या घरी होतो. कापड आणि खालची पट्टी मिळून ४ किलो आणि ट्यूब ३८ मिलिमीटर व्यासाची, तर लागणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) सुमारे ०.७५ न्यूटन-मीटर. त्यावर १.१ ची मोटर पुरते. पण बाल्कनीच्या सरकत्या दाराला दुहेरी ब्लॅकआउट पडदा लावला आणि वजन ६ किलोवर गेलं, तर तीच मोटर बॅटरी भरलेली असताना कशीबशी ओढेल आणि थोडी उतरली की थांबेल. ‘चार्ज केल्यावर दहा दिवस चालतो’ या तक्रारीचा अर्थ बहुधा हाच.

पश्चिमेच्या खिडकीत बॅटरीची मोटर काचेला लागून दुपारभर भाजते. लिथियम बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते, त्यामुळे तिथली बॅटरी घरातल्या इतर खिडक्यांआधी दमली तर नवल नाही. शक्य असेल तर चार्जिंगची वायर कायमची जोडून घ्या. सौर पट्टी लावली असेल तर ती छज्जाच्या सावलीत किंवा रंगीत काचेमागे तर नाही ना ते बघा. आणि जुलैमध्ये तिच्यावर भिस्त ठेवू नका.

२३० व्होल्टची मोटर चार-पाच वेळा वर-खाली केल्यावर एकदम मेल्यासारखी होते आणि अर्ध्या तासाने आपोआप चालते: हा बिघाडच नाही. अशा मोटरी साधारण सलग चार मिनिटं चालण्यासाठी बनवलेल्या असतात, त्यानंतर आतलं तापमानाचं संरक्षण त्यांना थांबवतं. पाहुण्यांना पडदे दाखवताना हे हमखास होतं. अॅप ‘खाली ये’ आणि ‘वर जा’ असे उलटसुलट आदेश सतत देत असेल तरीही होतं. त्याबद्दल पुढे.

रोज थोडा थोडा वेगळ्या उंचीवर थांबतो: साध्या मोटरला वायफायचा कर्टन स्विच जोडला असेल तर त्या स्विचला पडदा कुठे आहे हे कळतच नाही. तो सेकंद मोजतो. वर जायला खाली येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, व्होल्टेज कमी-जास्त होतं, आणि ‘४० टक्के’, ‘६० टक्के’ अशा प्रत्येक अर्ध्या फेरीत थोडी चूक साठत जाते. पंधरवड्यात ती चूक वीतभर होते, मग टेक्निशियन रीसेट करतो आणि मोजणी पुन्हा शून्यापासून. परत परत येणाऱ्या बिघाडांत मला हे सगळ्यांत जास्त वेळा दिसतं, आणि उपाय फुकटचा आहे. रोज सकाळी एकदा पडदा पूर्ण वर नेण्याचा आदेश ठेवा. मोटर आपल्या खऱ्या लिमिटला टेकते आणि स्विचचा हिशेब रोजच्या रोज मिटतो.

इथे एक ताकीद. एकाच स्विचच्या वायरीवर दोन २३० व्होल्टच्या मोटरी थेट जोडू नका, मध्ये त्यासाठीचा रिले लागतो. आणि वर आणि खाली या दोन्ही तारांना एकाच वेळी वीज जाईल अशी जोडणी कधीच नको. दोन वेगळे स्मार्ट रिले लावून जुगाड करणारे इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांना इंटरलॉक, म्हणजे दोन्ही तारांना एकदम वीज जाऊ न देणारी सोय, विचारा. उत्तर येत नसेल तर दुसरा माणूस बघा.

एका बाजूला कापड सरकून घासत असेल तर ब्रॅकेट पाणसळ लावून तपासा. आणि पेटी उघडून आत डोकावा. धूळ असतेच, पण पालींना ही उबदार, अंधारी पेटी फार आवडते. पालीची अंडी ट्यूबमध्ये अडकल्याने थांबलेला पडदा मी पाहिला आहे, आणि तो रीसेटने सुटण्यातला नव्हता.

दिवसभर वर-खाली, वर-खाली

शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, “अहो, तो पडदा बघा हो जरा. आभाळ आलं की वर, ऊन पडलं की खाली, दुपारभर तेच. सुनेला वाटतं मीच रिमोटशी खेळत बसते.”

प्रकाशाच्या सेन्सरवर पडदे जोडले की श्रावणात हे होणारच. ऊन-पावसाचा खेळ बाहेर चालतो आणि मोटर आत पळत राहते. आधी सेन्सरची जागा बघा. तो पडद्याच्या खोलीकडच्या बाजूला असेल तर कायमचं चक्र लागतं: पडदा खाली आला, खोलीत अंधार झाला, सेन्सरला वाटलं ऊन गेलं, पडदा वर, पुन्हा ऊन, पुन्हा खाली. सेन्सर काच आणि पडदा यांच्या मध्ये किंवा बाहेरच हवा.

मग आकडे. बंद करण्याचा आणि उघडण्याचा आकडा एकच ठेवू नका. कडक उन्हात बाहेर सुमारे १ लाख लक्स (प्रकाश मोजायचं एकक) असतात आणि ढगाळ दिवशी १०-२० हजार, तर बाहेरच्या सेन्सरसाठी ५० हजारांवर बंद आणि २० हजारांखाली उघड असं अंतर ठेवा. त्यातही उघडण्याआधी तो आकडा सलग १५-२० मिनिटं खाली राहिला पाहिजे अशी अट घाला. बंद करताना पाच मिनिटं पुरतात. पावसाळ्यात तर मी म्हणेन सेन्सर बंदच ठेवा, त्या चार महिन्यांत उन्हाचा जाच फारसा नसतो.

एक ते चार

आता वेळापत्रक, आणि माझ्या मते खरं दुखणं इथेच आहे. पुण्यात सगळ्यांनी एक ते चार लावलेलं असतं, पडद्यांचंही. दुपार म्हणजे ऊन, म्हणून एकला खाली आणि चारला वर. पश्चिमेच्या खिडकीला ही वेळ जवळजवळ उलटी आहे.

खिडकी चार फूट उंच आणि वर दोन फुटी छज्जा असेल, तर एप्रिलच्या मध्यात साधारण सव्वादोनपर्यंत काचेवर थेट ऊन येतच नाही. ते येतं त्यानंतर, आणि चार ते सहा या वेळात सूर्य खाली उतरून सरळ काचेत शिरतो. नेमका तेव्हाच पडदा वर गेलेला असतो. मग खोली तापते आणि दोष मोटरवर जातो.

शिवाय ही वेळ वर्षभर एक राहत नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं आणि पुणे ७३.९ अंशावर आहे, म्हणून इथे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, सरासरी १२.३५ ला. त्यातही नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१८ च्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्यात १२.४९ च्या सुमारास, म्हणजे अर्ध्या तासाचा फरक. सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सहाच्या थोडा आधी होतो आणि जूनअखेर सव्वासातला. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो, पण अॅपमधला आदेश आहे तिथेच राहतो. दिवाळीत लावलेलं वेळापत्रक मार्चमध्ये ‘बिघडतं’ ते यामुळे.

दिशाही सरकते. जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो आणि डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर पुण्यात भर दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेला असतो. ‘आमची अभ्यासाची खोली उत्तरेची, तिथे ऊन येत नाही’ म्हणणाऱ्यांना मे महिन्यात संध्याकाळी स्क्रीन दिसत नाही ती याच कारणाने.

म्हणून घड्याळाच्या वेळा काढून टाका. साध्या अॅपमध्येही ‘सूर्यास्तापूर्वी इतके तास’ असा पर्याय असतो. पश्चिमेच्या खिडकीला सूर्यास्तापूर्वी साडेचार तास खाली आणि सूर्यास्ताला वर, एवढ्यावर बहुतेक घरांचं भागतं. होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर सूर्याची दिशा आणि उंची थेट मिळते. खिडकी पश्चिमेची असेल तर दिशा (उत्तरेपासून मोजलेली, पश्चिम म्हणजे २७०) २१० अंशांच्या पुढे आणि उंची ६० अंशांखाली असताना पडदा खाली, अशी अट घाला. तीत वर्षभर फारसा बदल करावा लागत नाही.

अॅपमध्ये ठिकाण काय आहे तेही बघा. पुण्याऐवजी मुंबई असेल तर चार मिनिटांचा फरक, सोडून द्या. पण दिल्ली असेल तर डिसेंबरमध्ये सूर्यास्त अर्धा तास आधी धरला जातो.

बचत किती, हेही एकदा बोलू

पाच बाय चार फुटांच्या पश्चिमेच्या साध्या काचेतून एप्रिलच्या दुपारी साडेचारला साधारण एक किलोवॉट उष्णता आत येते. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे त्याची पाव ताकद एका खिडकीत गेली. पडदा पूर्ण बंद असेल आणि त्याची काचेकडची बाजू पांढरी, परावर्तन करणारी असेल, तर ही उष्णता ४५ टक्क्यांच्या आसपास कमी होऊ शकते असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं. गडद रंगाचा पडदा स्वतःच तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. हिशेब केला तर एका खिडकीमागे दिवसाला अर्धं युनिटही वाचत नाही, उन्हाळाभरात तीसेक युनिट. म्हणजे मोटरचे पैसे विजेच्या बिलातून सुटतील या आशेवर राहू नका. संध्याकाळी घरी आल्यावर भिंत आणि सोफा तापलेला नसणं, हीच खरी कमाई.

ज्यांना बचतच हवी आहे त्यांनी पडदा काचेच्या बाहेर न्यावा. बाल्कनीत बांबूचा चिक किंवा वाळ्याचा पडदा टाकला की ऊन काचेपर्यंत पोचतच नाही, हे आपल्याकडे वीज यायच्या आधीपासून माहीत आहे. आणि एप्रिल-मेत पुण्याची रात्र दिवसापेक्षा बरीच थंड असते, म्हणून सूर्यास्तानंतर पडदे वर आणि खिडक्या उघड्या, हा आदेश दुपारच्या आदेशाइतकाच महत्त्वाचा. खिडकी माणसानेच उघडायची आहे, अॅपवर आठवण लावून ठेवा. थंडीत दक्षिणेच्या खिडकीचे पडदे दिवसा उघडे राहू द्या, डिसेंबरचं कलतं ऊन फुकट मिळतं.

हे सगळं करूनही रिमोटने मोटर हलत नसेल, चार्जर मूळचाच असेल, रात्रभर चार्ज केलं असेल आणि मोटर थंड असेल, तर आता ती बदला. नवी घेताना पडद्याचं वजन किलोत आणि ट्यूबचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहून न्या, आणि दुकानदाराला लागणाऱ्या टॉर्कच्या दीडपट मोटर मागा.